गुऱ्हाळातील तीन बोर्ड आणि त्यांच्यातील अबोला

कोल्हापूरजवळच्या वडणग्याच्या शिवारातील मावसभावाच्या गुऱ्हाळात तीन रास्पबेरी पाय बोर्ड, म्हणजे तळहातावर मावणारे छोटे संगणक, बसवायचे ठरले, तेव्हा वेळ लागेल तो काहिलीजवळच्या थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेच्या, जोडणीला आणि वजनकाट्याचे आकडे वाचण्याला, असा माझा अंदाज होता. ही दोन्ही कामे सहज उरकली. बाकीचा जवळपास सगळा वेळ या तीन बोर्डांना एकमेकांशी बोलायला लावण्यात गेला. तिन्ही बोर्ड वायफायला जोडलेले दिसत होते, तिन्हींवर इंटरनेट चालत होते, सॉफ्टवेअरचे अपडेट उतरत होते. तरीही हाकेच्या अंतरावर असलेला एक बोर्ड दुसऱ्याला सापडत नव्हता.

व्यवस्था साधी होती. प्रत्येक आधणाचे, म्हणजे काहिलीत एका वेळी शिजणाऱ्या रसाचे, तापमान आणि त्या आधणातून उतरलेल्या गुळाचे वजन आपोआप नोंदले जावे, म्हणजे शाहू मार्केट यार्डातील सौद्यात कोणत्या मालाला काय भाव मिळाला हे पुढे त्या नोंदींशी ताडून पाहता येईल, एवढाच मावसभावाचा हेतू होता. घट्ट गुळासाठी पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला उतरवतात आणि काकवीसाठी त्याच्या बऱ्याच आधी, १०५-१०६ अंशांच्या आसपास. गूळ शिजवणाऱ्या आमच्या गुळव्या मामांना हे तापमान पाकाच्या बुडबुड्यांवरूनच कळते; पण कळणे वेगळे आणि नोंद राहणे वेगळे. म्हणून काहिलीजवळ एक झीरो २ डब्ल्यू, वजनकाट्याजवळ एक ३ बी प्लस आणि कचेरीतल्या टेबलावर सगळ्या नोंदी गोळा करणारा एक पाय ४, अशी याच बोर्डांच्या तीन प्रकारांची रचना केली. काहिलीचा आणि काट्याचा बोर्ड एमक्यूटीटी या निरोप पाठवण्याच्या पद्धतीने दर काही सेकंदांनी आकडे पाठवणार, आणि कचेरीतील बोर्डावर चालणारा मॉस्किटो हा ब्रोकर, म्हणजे निरोप गोळा करून वाटणारा प्रोग्राम, ते स्वीकारणार होता.

कचेरीत इंटरनेट कंपनीने बसवलेला राउटर होता. त्याचा सिग्नल पत्र्याच्या शेडमध्ये नीट पोहोचत नव्हता, म्हणून भिंतीच्या कडेने एक केबल ओढून शेडच्या तोंडाशी दुसरा राउटर आधीच लावलेला होता. कामगारांचे मोबाइल त्यावर चालत असत, त्यामुळे तो ठीक आहे याबद्दल कोणालाच शंका नव्हती. काहिलीचा बोर्ड या शेडमधल्या राउटरला जोडलेला होता, तर कचेरीचा आणि काट्याचा बोर्ड कचेरीतल्या राउटरला.

पहिल्या तपासणीत जे दिसले ते कोड्यात टाकणारे होते. काहिलीच्या बोर्डावरून कचेरीच्या बोर्डाला पिंग केले, म्हणजे ‘आहेस का’ असा चाचणीचा निरोप पाठवला, की उत्तर येत होते. उलट बाजूने, कचेरीतून काहिलीला पिंग केले तर काहीच येत नव्हते. काटा आणि कचेरी यांच्यात मात्र दोन्ही बाजूंनी शांतता होती, आणि हे दोन बोर्ड तर एकाच राउटरवर होते. म्हणजे जो बोर्ड दूरच्या राउटरवर होता त्याचे निदान एकतर्फी तरी चालत होते आणि जो त्याच राउटरवर होता त्याचे काहीच चालत नव्हते. अशा वेळी माणूस राउटर बंद-चालू करतो, बोर्ड पुन्हा सुरू करतो, कार्डावर नव्याने सिस्टिम चढवतो. मी त्या मोहात पडलो नाही, कारण असे केल्याने एखादी गोष्ट चालू झाली तरी ती का बंद होती हे कायमचे हातातून निसटते.

एकतर्फी पिंगचा उलगडा आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे प्रत्येक यंत्राचे आकडी पत्ते, शेजारी-शेजारी लिहिल्यावर झाला. कचेरीच्या बोर्डाचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता, काट्याचाही. काहिलीच्या बोर्डाचा मात्र १९२.१६८.० ने. शेडमधला राउटर हा नुसता सिग्नल पुढे नेणारा नव्हता, तो स्वतःचे वेगळे नेटवर्क उभारून बसला होता. त्याच्या आतला बोर्ड बाहेरच्या नेटवर्ककडे काही मागतो, तेव्हा राउटर ती विनंती स्वतःच्या नावाने पुढे पाठवतो आणि आलेले उत्तर मागणाऱ्याला नेऊन देतो. म्हणून आतून बाहेर जाणारे पिंग चालत होते. बाहेरून आत येणाऱ्याला मात्र आतले पत्ते ठाऊकच नसतात. मोबाइलवर व्हिडिओ पाहणाऱ्याला याचा काहीही त्रास होत नाही, कारण त्याचा सगळा व्यवहार आतून बाहेर असाच असतो. शेडमधला राउटर इतके दिवस ठीक वाटत होता तो याच कारणाने.

उपाय सरळ होता. शेडमधल्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ॲक्सेस पॉइंट, म्हणजे मुख्य नेटवर्कच वायफायवर पुढे नेणारा दुवा, म्हणून लावला. ज्या राउटरमध्ये असा पर्याय नसतो, तिथे त्याची पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा बंद करायची, त्याला मुख्य राउटरशी न भांडणारा एक पत्ता द्यायचा आणि कचेरीतून आलेली केबल वॅन लिहिलेल्या भोकातून काढून लॅनच्या एखाद्या भोकात घालायची. परिणाम तोच होतो. यानंतर काहिलीच्या बोर्डाला १९२.१६८.१ चा पत्ता मिळाला आणि कचेरी व काहिली यांच्यात दोन्ही बाजूंनी पिंग चालू लागले.

काटा मात्र अजूनही गप्प होता, आणि तोच या साऱ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग ठरला. कचेरीतून त्याला पिंग केल्यावर जो संदेश येत होता, तो ‘होस्टपर्यंत पोहोचता येत नाही’ असा होता आणि तो कचेरीच्या बोर्डाच्याच पत्त्याच्या नावाने येत होता. हा तपशील महत्त्वाचा आहे. एकाच नेटवर्कवरील दुसऱ्या यंत्राला काही पाठवायचे, तर आधी ‘हा आयपी पत्ता कोणाचा आहे’ अशी हाक सर्वांना दिली जाते. ज्याचा तो पत्ता असेल तो आपला हार्डवेअरचा मॅक पत्ता कळवतो आणि मग खरा माल जातो. या हाकेला एआरपी म्हणतात. हाकेला उत्तरच आले नाही, तर पाठवणारे यंत्र स्वतःच स्वतःला सांगते की त्या होस्टपर्यंत पोहोचता येत नाही. शेजाऱ्यांची यादी दाखवणारी ‘आयपी नेबर’ ही कमांड चालवली, तेव्हा काट्याच्या पत्त्यापुढे मॅक पत्ता नव्हताच. तिथे ‘फेल्ड’ असा शेरा होता. म्हणजे बिघाड फायरवॉलमध्ये नव्हता, पासवर्डमध्ये नव्हता, मॉस्किटोमध्ये तर नव्हताच. तो त्याच्या खालच्या पायरीवर होता.

खात्री करण्यासाठी दोन्ही बोर्डांवर टीसीपीडंप हे नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारे साधन लावून फक्त एआरपीची वाहतूक पाहिली. कचेरीच्या बोर्डाच्या पडद्यावर दर सेकंदाला ‘हा पत्ता कोणाकडे आहे, मला सांगा’ अशी ओळ उमटत होती, एकामागून एक, आणि प्रत्येक ओळीखाली उत्तराची जागा रिकामी. त्याच वेळी काट्याजवळ उभ्या केलेल्या लॅपटॉपवर, जिथे काट्याच्या बोर्डाचा पडदा उघडला होता, ही हाक एकदाही उमटली नाही. हाक दिली जात होती, पण पलीकडे पोहोचतच नव्हती. दोघांच्या मध्ये होता तो फक्त कचेरीतला राउटर.

मग कचेरीचा बोर्ड वायफायवरून काढून केबलने त्याच राउटरला जोडला. त्याच क्षणी काटा सापडला, दोन्ही बाजूंनी पिंग चालू झाले. केबल काढून पुन्हा वायफायवर आणल्यावर पुन्हा शांतता. काहिलीचा बोर्ड दुसऱ्या ॲक्सेस पॉइंटवरून केबलमार्गे मुख्य राउटरकडे येत होता म्हणून तो कचेरीच्या बोर्डाला दिसत होता; एकाच राउटरच्या वायफायवर असलेले दोघे मात्र एकमेकांना दिसत नव्हते. याचा अर्थ राउटरवर वायफाय ग्राहकांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची सोय चालू होती. तिला काही राउटरमध्ये एपी आयसोलेशन म्हणतात, काहींमध्ये क्लायंट आयसोलेशन, आणि काही ठिकाणी ती गेस्ट नेटवर्कच्या आड लपलेली असते. हॉटेलात किंवा मंगल कार्यालयात ही सोय असावीच, कारण तिथे अनोळखी माणसांची यंत्रे एकाच वायफायवर येतात. गुऱ्हाळात तिचा उपयोग नव्हता. प्रगत वायरलेस सेटिंगच्या पानावर, खाली कुठेतरी, एक छोटी खूण होती. ती काढल्यावर काटा आणि कचेरी यांचा अबोला सुटला. आपल्या राउटरच्या लॉगिनमध्ये ते पान दिसतच नसेल, तर कंपनीच्या राउटरचे वायफाय बंद ठेवून त्याच्या मागे स्वतःचा ॲक्सेस पॉइंट लावणे हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

पत्त्यांचा प्रश्न सुटल्यावर नावांचा निघाला, पण तो किरकोळ होता. मी एकाच कार्डाच्या प्रती करून तिन्ही बोर्डांत घातल्या होत्या, त्यामुळे तिघांचेही नाव ‘रास्पबेरीपाय’ हेच होते. नावाच्या शेवटी ‘डॉट लोकल’ लावून बोर्ड शोधण्याची जी सोय आहे, ती २२४.०.०.२५१ या सामूहिक पत्त्यावर आणि ५३५३ या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, चालते. एकच नाव दोघांनी सांगितले की नंतर आलेला आपल्या नावापुढे २, ३ असे आकडे लावून घेतो, आणि वीज जाऊन आल्यावर कोण पहिला आणि कोण दुसरा याचा क्रम बदलतो. तिघांना वेगळी नावे दिली, ती होस्ट्सच्या फाइलमध्येही बदलली, प्रतीसोबत आलेल्या, दुरून लॉगिन करण्याच्या एसएसएचच्या किल्ल्या नव्याने तयार केल्या आणि राउटरमध्ये प्रत्येकाच्या मॅक पत्त्यासमोर एक आयपी पत्ता राखून ठेवला. कार्यक्रमांत मात्र नावे न वापरता हे राखीव पत्तेच लिहिले, कारण वायफायवरून जाणारे सामूहिक संदेश हरवण्याची शक्यता नेहमीच जास्त असते. त्यांना पोचपावती नसते.

आता पिंग चालत होते, तरी काहिलीचे तापमान कचेरीत पोहोचत नव्हते. इथे आलेला संदेश ‘कनेक्शन रिफ्युज्ड’, म्हणजे जोडणी नाकारली, असा होता. नवशिक्याला होस्ट न सापडणे, वेळ संपणे आणि नकार हे तिन्ही संदेश सारखेच निराशाजनक वाटतात, पण त्यांचे अर्थ फार वेगळे आहेत. होस्ट सापडत नाही, तर बिघाड एआरपीच्या पातळीवर शोधावा. नुसतीच वाट पाहून वेळ संपला, तर मध्ये कोणीतरी निरोप गिळतो आहे, बहुधा फायरवॉल. आणि नकार आला, तर ती चांगली बातमी आहे, कारण नकार देण्यासाठी का होईना, पलीकडचे यंत्र जागेवर आहे आणि आपला निरोप त्याच्या दारापर्यंत गेला आहे. फक्त त्या दाराशी ऐकणारे कोणी नाही. मॉस्किटोच्या २.० या आवृत्तीपासून, सेटिंगच्या फाइलमध्ये वेगळे काही लिहिले नसेल, तर तो फक्त स्वतःच्या बोर्डावरून आलेल्या जोडण्या स्वीकारतो. त्यामुळे कचेरीच्या बोर्डावर बसून केलेली चाचणी उत्तम चालत होती आणि बाहेरून आलेल्या प्रत्येकाला नकार मिळत होता. फाइलमध्ये १८८३ या पोर्टवर ऐकण्याची ओळ घातली, पासवर्डची फाइल जोडली, अनोळखी जोडण्या बंदच ठेवल्या, आणि आकडे वाहू लागले. यापूर्वी एखादी जुनी आवृत्ती चालवलेली असेल, तर जुनी सवय इथे दगा देते.

इथपर्यंतचे सगळे बिघाड प्रामाणिक होते: ते असत तेव्हा असत आणि नसत तेव्हा नसत. हंगाम सुरू झाल्यावर जे बिघाड आले ते येऊन-जाऊन राहणारे होते, आणि खरा वेळ त्यांनी खाल्ला.

काहिलीचा बोर्ड आधण उकळीला आले की मधूनमधून गायब होई. गुळव्या मामांचे निदान ठाम होते: “वाफंमुळंच रेंज जातीया बघा, दुसरं काय न्हाई.” हे पटण्यासारखे होते, कारण शेडमध्ये त्या वेळी समोरचा माणूस दिसू नये इतकी वाफ असते आणि मायक्रोवेव्ह ओव्हन व वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात हे बहुतेकांनी ऐकलेले असते. परंतु पाण्याचा रेणू नेमका याच कंपनसंख्येला डोलतो, ही समजूत चुकीची आहे. पाण्याच्या वाफेची शोषणरेषा त्याच्या खूप वर, २२ गिगाहर्ट्झच्या जवळ आहे. काही मीटर वाफेतून जाताना २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी जवळपास जशाच्या तशा बाहेर येतात. वाद घालण्यापेक्षा मोजणे बरे, म्हणून बोर्डाला दर मिनिटाला आपली सिग्नलची पातळी एका फाइलमध्ये लिहायला लावले. ‘आयडब्ल्यू’ या कमांडने ती डेसिबल-मिलिवॉटमध्ये मिळते. आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६५ च्या आसपास निर्धास्त राहावे, उणे ८० च्या खाली कशाचाच भरवसा नाही. वाफ नसताना आणि भर वाफेत घेतलेल्या नोंदींत दोन-तीन डेसिबलपेक्षा जास्त फरक नव्हता. मामांना तो आलेख दाखवला; त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि मत बदलले नाही.

आलेखातून वेगळीच गोष्ट दिसली होती: सिग्नल आधीपासूनच उणे ७६-७७ इतका क्षीण होता, आणि शेडमधला ॲक्सेस पॉइंट तर समोरच होता. कारण होते पेटी. वाफ आणि चिकट शिंतोडे यांपासून बचाव व्हावा म्हणून बोर्डासाठी उद्यमनगरातून पत्र्याची, रबरी कडा लावलेली उत्कृष्ट पेटी करून आणली होती. झीरो २ डब्ल्यूची अँटेना बोर्डावरच छापलेली असते. ती सर्व बाजूंनी पत्र्यात बंद केली की लहरींना बाहेर पडायला केबलच्या भोकाएवढीच वाट राहते. पेटी प्लॅस्टिकची केल्यावर सिग्नल उणे ५८ वर आला. त्या पत्र्याच्या पेटीत आता फ्यूज आणि स्क्रू-पाने राहतात, आणि त्या कामाला ती उत्तम आहे.

तरीही कचेरीतून काहिलीला केलेले पिंग कधी चार मिलिसेकंदांत येई, कधी दोनशेत, आणि पहिले तर बहुधा हरवेच. काहिलीहून कचेरीला केलेले पिंग मात्र एकसारखे येत असे. ही खूण वायफायच्या वीजबचतीची आहे. बोर्डाला काम नसले की त्याचा रेडिओ डुलकी घेतो आणि ठरावीक अंतराने उठून ॲक्सेस पॉइंटला आपल्यासाठी काही आले आहे का ते विचारतो. स्वतःहून बोलायचे असेल तेव्हा तो जागाच असतो, म्हणून त्या बाजूने उशीर होत नाही. बॅटरीवरच्या यंत्राला हे योग्य आहे, भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या बोर्डाला निरर्थक. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून या बोर्डांच्या रास्पबेरी पाय ओएस या सिस्टिममध्ये नेटवर्कचा कारभार नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रामकडे गेला आहे. त्यामुळे जुन्या लेखांत दिलेले डीएचसीपीसीडीच्या फाइलमधील बदल, किंवा बूटच्या विभागात वायफायचा पासवर्ड लिहिलेली फाइल टाकण्याची युक्ती, आता चालत नाही. नेटवर्कमॅनेजरच्या जोडणीत वीजबचतीच्या जागी २ हा आकडा लिहिला की ती बंद होते. ३ म्हणजे चालू. हे एकदा लिहून ठेवले की वीज जाऊन आली तरी टिकते, हाताने दिलेली कमांड टिकत नाही.

काट्याच्या बोर्डाची तऱ्हा निराळी होती. तो सकाळी व्यवस्थित चाले आणि दुपारनंतर अडखळू लागे, आणि हे रोज होत नसे. त्याच्याही सिग्नलची नोंद लावली. सकाळी उणे ६४ असलेला आकडा दुपारपर्यंत उणे ८१ वर उतरलेला सापडला, आणि मधला उतार एकदम नव्हता, पायऱ्यापायऱ्यांनी होता. आकडे समोर ठेवून अंगणात उभे राहिल्यावर कारण दिसायला वेळ लागला नाही. घाण्यातून निघालेले ओले चिपाड वाळत घालायला जागा उरली नाही की गडी ते कचेरी आणि काटा यांच्या मधोमध रचत असत. वाफेने जे होत नाही ते द्रवरूप पाण्याने नक्की होते: रसाने ओल्या चिपाडाची पुरुषभर उंच आणि तितकीच जाड गंजी लहरी शोषून घेते. पायऱ्या होत्या त्या चिपाडाच्या फेऱ्यांच्या. ज्या दिवशी वाळलेले चिपाड चुलवाणात जाऊन अंगण मोकळे होई, त्या दिवशी बिघाडही नसे.

त्यात भर अशी की ३ बी प्लस आणि पाय ४ यांना २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे येतात, झीरो २ डब्ल्यूला फक्त पहिला. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असल्यामुळे काट्याचा बोर्ड सकाळी सिग्नल चांगला पाहून ५ गिगाहर्ट्झवर जाऊन बसे, जो आडोशातून कमी झिरपतो, आणि गंजी वाढली की जोडणी तोडून दुसरीकडे जाण्यात वेळ घालवी. गंजीची जागा बदला असे गड्यांना सांगणे मला प्रशस्त वाटले नाही. गुऱ्हाळ चिपाडावर चालते, बोर्डावर नाही. म्हणून शेडचा ॲक्सेस पॉइंट पत्र्याच्या आतून काढून दाराच्या वर, बाहेरच्या बाजूला पन्हळीखाली लावला, काट्याचा बोर्ड त्याच्याशी बांधून टाकला आणि पट्टा २.४ चा ठरवून दिला. भारतातील २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या, एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या म्हणून प्रामुख्याने १, ६ आणि ११ वापरल्या जातात. कचेरीच्या राउटरला १ आणि शेडला ११ दिली, कारण आपोआपवर ठेवल्यास दोघेही ६ वर येऊन एकमेकांच्या बोलण्यात व्यत्यय आणत होते.

एवढे करूनही काटा दिवसातून काही वेळा क्षणभर नाहीसा होतच होता, आणि या वेळी सिग्नल उत्तम असताना. हा बिघाड नेटवर्कचा नव्हताच. कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदींत ‘अंडर-व्होल्टेज’, म्हणजे व्होल्टेज कमी पडले, अशी ओळ सापडली, आणि बोर्डाची तब्येत सांगणाऱ्या ‘व्हीसीजेनसीएमडी’च्या थ्रॉटलच्या कमांडने ५०००० हे उत्तर दिले. या सोळा-आधारी आकड्याचा अर्थ असा की या क्षणी सर्व ठीक आहे, परंतु बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज उतरले होते आणि वेगही कमी करावा लागला होता. शेवटी ५ आला असता तर त्रास त्या क्षणीही चालू आहे असे समजायचे. पाच व्होल्टचा पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ही खूण उमटते. काट्याचा बोर्ड घाण्याच्या मोटरच्याच लाइनवर होता, आणि त्याला एका मोबाइलच्या चार्जरवरून लांब, बारीक तारेने वीज दिली होती. मोटर सुरू होताना लाइनचा दाब पडे, चार्जर ते सावरू शकत नसे, उरलेसुरले बारीक तार खाऊन टाके. बोर्ड बंद पडत नसे, पण वायफाय तेवढ्यापुरते सुटत असे. ५.१ व्होल्ट आणि अडीच अँपिअरचा अडॅप्टर, जाड व आखूड तार आणि कचेरीकडून आलेली वेगळी लाइन यांनी ते थांबले. वायफाय तुटते तेव्हा वीज तपासावी, हे कोणत्याही राउटरच्या पुस्तिकेत लिहिलेले नसते, आणि माझ्या मते लहान बोर्डांच्या बाबतीत ते पहिल्या पानावर असायला हवे.

वेळेचा एक लहान प्रश्न उरला होता. या तिन्ही बोर्डांवर स्वतःचे घड्याळ नाही. पाय ५ वर ते आले, त्याआधीच्यांवर नव्हते. वीज जाऊन आली आणि त्या वेळी इंटरनेट बंद असले, तर बोर्ड मागचीच वेळ धरून बसतो आणि तीन बोर्डांच्या नोंदी तीन वेगवेगळ्या वेळा दाखवतात. कचेरीच्या बोर्डाला नाणेसेलवर चालणारे डीएस३२३१ घड्याळ जोडले आणि क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने उरलेल्या दोघांना त्याच्याकडून वेळ घ्यायला लावले. त्यामुळे इंटरनेट असो वा नसो, स्थानिक नेटवर्क आपल्यापुरते पूर्ण झाले.

सिग्नलची, पिंगच्या वेळेची आणि व्होल्टेजच्या खुणेची नोंद तिन्ही बोर्डांवर अजूनही दर मिनिटाला लिहिली जाते. कचेरीचा बोर्ड आता कायम केबलवरच ठेवला आहे, कारण जो सर्वांचे ऐकतो त्याला वायफायवर ठेवण्याचे काही कारण नव्हते. काट्याचा बोर्डही पुढच्या हंगामाआधी केबलवर घ्यायचा आहे. अंतर शंभर मीटरच्या मर्यादेच्या बरेच आत आहे, फक्त बैलगाड्या आणि ट्रॅक्टर वळतात त्या जागेखालून पाइप पुरावा लागेल, आणि ते काम हंगाम संपून अंगण मोकळे झाल्याशिवाय हाती घेता येणार नाही.